केबल बरोबर होती, तरी कॅमेरा चार्ज होईना: कसबा पेठेतले एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या कसबा पेठेतला एक वाडा पुनर्विकासासाठी मे महिन्याच्या अखेरीस रिकामा करून द्यायचा होता. आवराआवरीत माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतून एक छोटा डिजिटल कॅमेरा निघाला. निकॉनच्या कूलपिक्स मालिकेतला, २०१२ च्या सुमारास घेतलेला आणि २०१६ नंतर कोणी हात न लावलेला. बॅटरी आतच राहिलेली. मेमरी कार्ड नाही, केबल नाही, अडॅप्टर नाही, माहितीपुस्तिका नाही. बटण दाबले तर कॅमेरा ढिम्म.

घरातल्या आजींना मात्र एक गोष्ट पक्की आठवत होती. आजोबांच्या शेवटच्या गणपतीत कार्ड प्रिंट काढायला फोटो स्टुडिओत दिले होते आणि त्या दोन दिवसांत कुणीतरी कार्डाशिवायच फोटो काढले होते. "अगं, ह्यांचा झोपाळ्यावरचा फोटो त्यातच आहे," असे त्या नातीला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. कार्ड पुढे हरवले, म्हणून घरातल्या बाकीच्यांनी त्या फोटोंचा विषय सोडून दिला होता. पण आजींचे म्हणणे कॅमेऱ्याच्या रचनेशी तंतोतंत जुळणारे होते. या कॅमेऱ्यांत कार्ड नसेल तर फोटो अंतर्गत मेमरीत साठतात. ही मेमरी फार तर काही डझन एमबीची, म्हणजे मोठ्या आकाराचे आठ-दहा फोटो मावतील एवढी. ती बोर्डावरच असते, त्यामुळे कार्ड रीडरने वाचता येत नाही. मात्र बॅटरी मेली म्हणून ती पुसलीही जात नाही. म्हणजे फोटो तिथे असण्याची चांगली शक्यता होती, फक्त कॅमेरा सुरू व्हायला हवा होता.

हातात सहा दिवस होते. जबाबदारी आपसूक कॉलेजात शिकणाऱ्या नातीकडे आली.

अडचण

घरच्यांनी काम ठरवले ते असे: "कॅमेऱ्याला केबल आणायची आणि चार्ज करायचा." ऐकायला सरळ, पण त्यात दोन वेगळी कामे एकत्र झाली होती. एक, अंतर्गत मेमरीतले फोटो बाहेर काढणे. दुसरे, कॅमेरा पुन्हा वापरण्याजोगा करणे, म्हणजे तो नेहमीसाठी चार्ज होत राहील अशी सोय लावणे. पहिल्या कामाला केबल लागतेच असे नाही. हा फरक कोणाच्या ध्यानात आला नाही आणि पुढचे चार दिवस केबलच्या मागे गेले.

पहिला निर्णय: कोणती पिन?

कॅमेऱ्याच्या कडेला रबरी झाकण होते, त्याखाली पोर्ट. नातीने तो पाहून "मिनी यूएसबी" ठरवला आणि कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातून मिनीची केबल आणली. पिन अर्धा मिलिमीटर आत गेली आणि अडकली. उलटी करून पाहिली, तरी तेच. दुकानदाराने फोनवर सांगितले, "नवीन आहे ताई, घट्ट असते, जरा दाबा." तिने दाबले नाही, हे फार चांगले झाले. हा पोर्ट बोर्डाला टाक्यांनी जोडलेला असतो. चुकीची पिन दाबून बसवली तर आतली पातळ जीभ मोडते नाहीतर पोर्टच टाक्यांसकट सुटतो. मग बोर्ड उघडल्याशिवाय इलाज नाही.

पोर्ट ओळखायला मोबाइलचा टॉर्च आणि एक भिंग पुरते. पाच पिनांच्या मिनी यूएसबीचा आकार समलंबासारखा, दोन्ही बाजूंना कंबर दाबल्यासारखी खाच. मायक्रो यूएसबी त्याहून चपटा. या कॅमेऱ्याचा पोर्ट मिनीपेक्षा रुंद आणि बुटका होता, बाजूला खाच नव्हती, आणि आत सोनेरी पट्ट्या मोजल्या तर त्या आठ भरल्या. हीच निकॉनच्या यूसी-ई६ या केबलची आठ पिनांची जोडणी. पॅनासॉनिक, पेंटॅक्स यांच्या काही छोट्या कॅमेऱ्यांतही ती आढळते. यूएसबीला मुळात चार तारा लागतात: पाच व्होल्टची, जमिनीची (ग्राउंड) आणि डेटाच्या दोन. उरलेल्या पिना टीव्हीला चित्र आणि आवाज देण्यासाठी वापरल्या जात. त्या काळात कॅमेरा टीव्हीला जोडून घरच्यांना फोटो दाखवायची पद्धत होती, तिची ही खूण.

इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी. पिन बसली म्हणजे कॅमेरा यूएसबीवर चार्ज होतोच असे नाही. त्या काळातल्या कितीतरी छोट्या कॅमेऱ्यांत, कॅननच्या जुन्या पॉवरशॉटसह, यूएसबी पोर्ट फक्त फोटो लॅपटॉपवर घेण्यासाठी होता. बॅटरी बाहेर काढून वेगळ्या चार्जरमध्ये लावावी लागे. अशा कॅमेऱ्याला कितीही चांगली केबल लावा, बॅटरी भरणार नाही. म्हणून केबल घेण्याआधी मॉडेलची पुस्तिका नेटवरून उतरवून "कॅमेऱ्यात बॅटरी चार्ज करणे" असे प्रकरण त्यात आहे का, एवढे बघावे. नातीने हे केले, तेही दुसरी केबल घेण्याआधी. हा कॅमेरा चार्ज होणाऱ्यांपैकी निघाला. बॅटरी ईएन-ईएल१९, ३.७ व्होल्ट, ७०० एमएएच. सोबत मिळणारा मूळ अडॅप्टर ५ व्होल्ट, ०.५५ अँपिअरचा.

दुसरा निर्णय: कोणती केबल, कशाला जोडायची?

आठ पिनांची केबल बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळाली. कंपनीची नव्हे, साधी, कोणतेही नाव नसलेली, दीड मीटरची. दुकानदाराकडे दोन प्रकार होते, एक दीड मीटरचा आणि एक जेमतेम पाऊण मीटरचा. नातीने लांब केबल घेतली, कारण खोलीतला प्लग उंचावर होता.

इथे आखूड केबल घ्यायला हवी होती. कारण हिशेबाने सांगता येते. बऱ्या केबलमधली २८ गेजची तांब्याची तार मीटरला सुमारे ०.२१ ओहम रोध देते. जायची आणि यायची अशा दोन तारा धरल्या तर एक मीटरच्या केबलला ०.४३ ओहम. ०.५ अँपिअर वाहिले की ०.२ व्होल्ट वाटेतच जातात, ते चालते. पण स्वस्त केबलमध्ये ३२ गेजची तार असू शकते. गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक. तिचा रोध मीटरला ०.५४ ओहम, म्हणजे एक मीटरच्या केबलमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त गळती आणि दीड मीटरमध्ये पाऊण व्होल्टच्या पुढे. ५ व्होल्टमधून कॅमेऱ्यापर्यंत सव्वाचारच्या आसपासच पोचतात. लिथियम सेल भरायचा असतो ४.२ व्होल्टपर्यंत, तेव्हा चार्जिंग सर्किटला काम करायला जागाच उरत नाही. प्लग उंच असेल तर एक्स्टेंशन बोर्ड खाली आणावा, केबल लांब घेऊ नये.

आता केबल जोडायची कशाला. नातीने चार ठिकाणी जोडून पाहिली आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी वेगळे दिसले.

मोबाइलच्या नव्या अडॅप्टरला फक्त टाइप-सीचे तोंड होते. त्याला स्वस्तातला सी-टू-ए जोड (टाइप-सीच्या तोंडात साधी यूएसबी केबल बसवून देणारा तुकडा) लावला आणि त्यात केबल. कॅमेऱ्यावर काहीच दिवा नाही. टाइप-सी अडॅप्टर समोर कोणी आहे अशी खात्री पटल्याशिवाय पाच व्होल्ट सोडतच नाही. ही खात्री त्याला सीसी या ओळखीच्या पिनवरच्या ५.१ किलोओहमच्या रोधकाने पटते. काही स्वस्त जोडांमध्ये तो रोधकच बसवलेला नसतो, आणि मग अडॅप्टर, जोड, केबल, कॅमेरा सगळे जोडलेले असूनही वीज शून्य.

लॅपटॉपला जोडले. कॅमेऱ्याच्या पोर्टशेजारचा हिरवा दिवा एकदा उजळला आणि विझला. लॅपटॉपने नवीन काही जोडल्याचा आवाज केला नाही. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे लॅपटॉपशी ओळख पटेपर्यंत उपकरणाला १०० मिलिअँपिअरच घेता येतात, ओळख पटल्यावर ५००. ओळख पटवायला कॅमेरा जागा व्हावा लागतो आणि या कॅमेऱ्यात तेवढाही जीव नव्हता. मृतवत बॅटरीसाठी लॅपटॉप हा सगळ्यात कमकुवत पर्याय.

पॉवर बँकेला जोडले. अर्ध्या मिनिटात पॉवर बँक आपोआप बंद झाली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. नातीला वाटले पॉवर बँकच बिघडली. वास्तविक हा त्या दिवसाचा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा होता: पलीकडचे उपकरण जवळजवळ काहीच वीज घेत नाही, असे दिसले की बहुतेक पॉवर बँका स्वतःला बंद करतात. म्हणजे कॅमेऱ्याला वीज मिळत होती, पण तो ती घेत नव्हता. हा पुरावा हातातून निसटला.

शेवटी एका जुन्या मोबाइलचा, साध्या यूएसबी तोंडाचा ५ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर सापडला. तो लावल्यावर हिरवा दिवा लागला, पण सावकाश उघडझाप न करता भराभर लुकलुकायला लागला.

दिव्याची भाषा

या कॅमेऱ्यांत सावकाश उघडझाप म्हणजे चार्जिंग चालू. दिवा विझणे म्हणजे चार्जिंग पूर्ण. भराभर लुकलुकणे म्हणजे चार्जिंग होऊ शकत नाही, आणि त्याची कारणे पुस्तिकेत तीनच दिली आहेत: तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअसच्या बाहेर आहे, जोडणी नीट नाही, किंवा बॅटरीत दोष आहे.

तीन कारणे, आणि त्यांतले कोणते हे ठरवायचे. घरातल्या सगळ्यांचा संशय एकाच ठिकाणी गेला: "साधी लोकल केबल, दुसरे काय होणार!" मामांनी तर मूळ कंपनीची केबल बाहेरगावाहून मागवायचे पक्के केले. येण्यास आठवडा लागणार होता, म्हणजे वाडा रिकामा झाल्यानंतर.

खरे तर दिवा लागला, तिथेच केबलबद्दलची निम्मी शंका मिटायला हवी होती. पाच व्होल्टची किंवा जमिनीची तार तुटलेली असती तर दिवा लागलाच नसता. उरली शंका डेटाच्या तारांची. "फक्त चार्जिंग"च्या केबलमध्ये त्या दोन तारा नसतातच. भिंतीवरचा अडॅप्टर आपण अडॅप्टर आहोत हे सांगण्यासाठी याच दोन डेटा तारा आतून एकमेकींना जोडतो. यूएसबीच्या बॅटरी चार्जिंग या प्रमाणाने हे ठरवून दिले आहे. तारा केबलमध्ये नसतील तर कॅमेऱ्याला समोर लॅपटॉपही दिसत नाही आणि अडॅप्टरही दिसत नाही, मग तो चार्जिंग नाकारू शकतो. पण आठ पिनांच्या केबली मुळात फोटो उतरवण्यासाठी बनतात, त्यांत डेटा तारा गाळण्याचे काहीच कारण नाही. ही अडचण मायक्रो यूएसबीच्या स्वस्त केबलींत जास्त येते.

मग तापमान. कॅमेरा ठेवला होता वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, दुपारी तीन वाजता. पुण्यात मेमध्ये बाहेरच पारा ३८-४० च्या घरात जातो. खोलीतला थर्मामीटर ३७ दाखवत होता. नातीने तोच कॅमेरा, तीच केबल, तोच अडॅप्टर रात्री दहा वाजता तळमजल्यावरच्या दगडी भिंतींच्या खोलीत आणला. तिथे २९ अंश होते. तासभर तसाच ठेवून मग जोडला, कारण कॅमेऱ्याच्या आतली बॅटरी थंड व्हायला वेळ लागतो. दिवा तरीही भराभर लुकलुकला.

ही एक चाचणी त्या आठवड्यातले सगळ्यात नेटके काम होते. एकच गोष्ट बदलली, बाकी सगळे तसेच ठेवले, आणि तीनपैकी एक कारण कायमचे खोडले गेले.

विचारात घेतलेले पर्याय

तिसऱ्या दिवशी सकाळी समोर एवढे मार्ग होते.

मूळ कंपनीच्या केबलची वाट पाहणे. वेळेत बसत नव्हते, आणि केबल दोषी असल्याचा पुरावाही नव्हता.

बॅटरीला "जंप" देणे. कोपऱ्यावरच्या दुकानात ही तयारी दाखवली गेली: दोन तारांनी बॅटरीच्या टोकांना थेट वीज द्यायची, की ती "उठते". हा पर्याय नातीने नाकारला आणि तो कोणीही नाकारावा. लिथियम सेल वर्षानुवर्षे अति उतरलेल्या अवस्थेत राहिला की आतल्या तांब्याच्या पत्र्याचा अंश विरघळतो आणि पुन्हा भरताना भलत्या जागी जमतो. त्यातून आतल्या आत शॉर्ट होतो. आज बॅटरी उठल्यासारखी वाटेल आणि उद्या चार्ज होताना तापेल. जुन्या लाकडाच्या वाड्यात तर हा खेळ नकोच.

बॅटरी बाहेर काढून चिमट्याच्या युनिव्हर्सल चार्जरला लावणे. चांगल्या बॅटरीसाठी गरजेपुरते चालते, पण हे चार्जर बॅटरीचे तापमान पाहत नाहीत. कॅमेऱ्याच्या बहुतेक बॅटऱ्यांना धन आणि ऋण यांशिवाय तिसरा संपर्क असतो तो त्यासाठी, आणि चिमटा त्याला स्पर्शच करत नाही. चिमट्यात लावून खोलीबाहेर जाऊ नये. या बॅटरीसाठी कंपनीचा वेगळा चार्जर एमएच-६६ हा आहे, मात्र तो शोधायला पुन्हा वेळ.

नवी बॅटरी घेणे. खर्च काही शे रुपयांचा, पण घरच्यांना वाटत होते, "आधी केबलचा निकाल लागू दे, उगाच बॅटरीत पैसे कशाला?"

आणि शेवटचा, कॅमेरा उघडून मेमरीची चिप वाचायला देणे. बोर्ड धड असताना याचा विचार करायची वेळच नव्हती.

केलेली कृती

नात कॅमेरा, केबल, अडॅप्टर असे सगळे घेऊन पुन्हा तपकीर गल्लीत गेली. या वेळी दुकानात न जाता एका दुरुस्तीवाल्या काकांकडे. त्यांनी आधी कॅमेऱ्याला हातच लावला नाही, बॅटरी मागितली. सपाट काचेवर ठेवून बोटाने दाबली. फुगलेली बॅटरी अशी ठेवली की डुगडुगते आणि मध्यभागी पोट जाणवते. ही सपाट होती. मग मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावून टोके टेकवली. आकडा आला ०.०४.

"संपली का, काका?"

"आत सेल किती उरलाय ते यावरून नाही कळत. आतल्या प्रोटेक्शन सर्किटनं जोडणी तोडलीय, म्हणून बाहेर शून्य दिसतंय. पण ती तोडली म्हणजे सेल पार खाली गेलेला. आठ-नऊ वर्षं पडून असेल तर हिच्यावर मेहनत करू नका."

मग त्यांनी अडॅप्टर आणि केबल यांच्यामध्ये छोटा यूएसबी टेस्टर लावला. व्होल्ट ५.०८, करंट ०.००, मध्येच ०.०२, पुन्हा ०.००. कॅमेरा दर काही क्षणांनी बॅटरीला हाक मारून बघत होता आणि उत्तर न आल्याने थांबत होता. पॉवर बँक बंद पडण्याचे कारण हेच. नातीचा सी-टू-ए जोडही त्यांनी तपासला: टाइप-सी अडॅप्टरला जोड लावून त्यात टेस्टर खोचला तर टेस्टरचा पडदाच उजळला नाही.

टेस्टरबद्दल एक बारकावा. तो अडॅप्टरच्या बाजूला लावलेला असतो, त्यामुळे तो दाखवतो ते व्होल्ट केबलच्या सुरुवातीचे. केबलच्या दुसऱ्या टोकाला किती पोचतात ते तो सांगत नाही. ५.०८ पाहून केबल चांगली असे म्हणता येत नाही. पाहायचा तो करंट, आणि करंट पाहायला धड बॅटरी हवी.

काकांनी पेटीतून त्याच प्रकारची नवी, दुसऱ्या कंपनीची बॅटरी काढली. मल्टिमीटरवर ३.८१ व्होल्ट, म्हणजे साधारण अर्धी भरलेली. नव्या लिथियम बॅटऱ्या अर्धवट भरूनच विकायला येतात. कॅमेऱ्याचे बॅटरीचे संपर्क कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसले, काडी हिरवट झाली. बॅटरी बसवली, केबल जोडली. दिवा सावकाश उघडझाप करायला लागला. टेस्टरवर ०.४१ अँपिअर.

तीच केबल. तोच अडॅप्टर. केबल निर्दोष होती.

निष्पत्ती

घरी तळमजल्यावर दीड तासात दिवा विझला, तोवर टेस्टरने ३९० एमएएच मोजले होते. अर्धी भरलेली ७०० एमएएचची बॅटरी आणि थोडी वाया जाणारी वीज धरली तर हा आकडा बरोबर जुळतो. बॅटरी फक्त कोमट झाली होती.

कॅमेरा सुरू झाला, तारीख-वेळ विचारली. इतकी वर्षे पडून राहिल्यावर घड्याळाची आतली छोटी बॅटरीही उतरते, त्यात काळजीचे काही नाही. जुन्या फोटोंवरच्या तारखा त्याने बदलत नाहीत. फोटो पाहण्याचे बटण दाबले तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात अंतर्गत मेमरीची "आयएन" ही खूण आली आणि नऊ फोटो निघाले. सहाव्या फोटोत आजोबा झोपाळ्यावर बसलेले, एक पाय खाली टेकवलेला, मागे चौकातला हौद आणि त्यावर वाळत घातलेले फडके.

इथेच दोन वेळा फोटो गमवायची वेळ आली होती. पहिल्यांदा, नातीने मोबाइलमधले ६४ जीबीचे मायक्रो कार्ड अडॅप्टरमध्ये घालून कॅमेऱ्यात सरकवले. कॅमेऱ्याने कार्ड फॉरमॅट करायचे का असे विचारले. "हो" म्हटले असते तर मोबाइलच्या त्या कार्डावरचे सगळे गेले असते. ६४ जीबीचे कार्ड एक्सफॅट पद्धतीने मांडलेले असते, आणि ते पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यांना वाचता येत नाही. दुसऱ्यांदा, मामांनी कार्ड काढून टाकले आणि "मेनूतून फॉरमॅट करून बघू, मग कार्ड घेईल" म्हणाले. कार्ड नसताना त्या मेनूत जे फॉरमॅट होते ते अंतर्गत मेमरीचे. मेनूत शब्दही बदलतो, "कार्ड" जाऊन "मेमरी" येते, पण घाईत कोण वाचतो! आजींनी "आधी फोटो उतरव, मग तुझं काय ते कर" असे म्हटल्याने हात थांबला.

शेवटी ८ जीबीचे साधे एसडीएचसी कार्ड आणले, त्याची लॉकची पट्टी वर आहे हे पाहिले, आणि प्लेबॅक मेनूतल्या कॉपीमधून "कॅमेऱ्यातून कार्डावर" हा पर्याय निवडला. एका मिनिटात नऊ फोटो कार्डावर. ते लॅपटॉपवर उघडून पाहिले, पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत केली आणि त्यानंतरच कॅमेऱ्याच्या बाकी मेनूंना हात लावला. उरलेल्या दोन दिवसांत वाड्याचे फोटो निघाले, बरेचसे मोबाइलने, काही याच कॅमेऱ्याने.

जुन्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती घरच्या सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिली. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती वेगळीच द्यायची असते, आणि कचऱ्याच्या गाडीत दाबली गेलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

काय वेगळे करता आले असते

सगळ्यात आधी बॅटरी पाहायला हवी होती. दहा मिनिटांचे काम: बाहेर काढा, फुगली आहे का पाहा, मल्टिमीटर टेकवा. एवढी वर्षे कॅमेऱ्यात पडून राहिलेली बॅटरी जिवंत असण्याची शक्यता मुळातच कमी. शून्य आकडा पहिल्या दिवशी दिसला असता तर केबलची खरेदी, चार ठिकाणची जोडाजोडी, मूळ केबलचा वाद, काहीच झाले नसते.

त्याहून मोठी गोष्ट अशी: नवी बॅटरी दुकानातून निघते तेव्हाच तिच्यात अर्धी वीज असते. ती बसवून, एसडीएचसी कार्ड घालून, कॉपी केली असती तर नऊही फोटो पहिल्याच संध्याकाळी आजींच्या हातात आले असते, कोणत्याही केबलशिवाय. यूएसबी केबलची गरज दुसऱ्या कामासाठी होती, कॅमेरा पुढे वापरत राहण्यासाठी, आणि ते काम आठवडाभर थांबू शकत होते. मुदत फक्त पहिल्या कामाला होती.

पॉवर बँक बंद पडली तेव्हा "ही का बंद पडली?" एवढा प्रश्न विचारला गेला असता तरी दुसऱ्याच दिवशी बोट बॅटरीकडे गेले असते. टेस्टर नसलेल्या घरात पॉवर बँक हा बऱ्यापैकी टेस्टर आहे. ती चालू राहिली तर कॅमेरा वीज घेतो आहे. मात्र चार्जिंग संपत आल्यावर करंट घटतो आणि तेव्हाही ती बंद पडते, म्हणून हा निष्कर्ष जोडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांपुरताच धरावा.

जे बरोबर झाले तेही नोंदवायला हवे. अडकलेली पिन दाबली नाही, जंप नाकारला, रात्री थंड खोलीत चाचणी केली. या तिन्हींपैकी पहिली चूक झाली असती तर पोर्ट गेला असता, दुसरी झाली असती तर कदाचित कॅमेराच.

लांब केबल नंतर बदलून पाऊण मीटरची घेतली. तिच्यावर करंट ०.४१ वरून ०.४६ झाला. कॅमेरा आता बॅटरी बाहेर काढून ठेवतात, अर्धी भरलेली, आणि दर सहा महिन्यांनी एकदा भरतात. केबलला आजींनी शिवणाच्या दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधला आहे. त्यावर त्यांच्या अक्षरात लिहिले आहे: "कॅमेऱ्याची. आठ पिन. जोर लावू नये."